मन नसेल तेव्हा : मैदान की जिम?

यवतमाळात हा प्रश्न वर्षातून दोनदा हमखास पडतो. एकदा मार्चच्या अखेरीला, सकाळी सातलाच ऊन पाठीला लागायला लागतं तेव्हा. आणि दुसऱ्यांदा जुलैत, तीन दिवसांची झड लागून घराबाहेर पाऊल टाकणं नकोसं होतं तेव्हा. थंडीभर नेमाने समता मैदानाला फेऱ्या घालणारा माणूस एक दिवस उठत नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि आठवड्याभराने चहाच्या टपरीवर विचारतो, ‘जिम लावू का?’ जिमवाल्याचं उलट असतं. जानेवारीत वर्षाचे पैसे भरलेले, फेब्रुवारीत लग्नसराई, आणि मार्चमध्ये तो म्हणतो, ‘त्यापेक्षा मोकळ्या हवेत पळालेलं बरं.’ दोघंही जागा बदलू पाहतात. जागा बदलली की मन परत येतं का, हे पाहण्यासाठी हा आढावा.

हा प्रश्न जिल्ह्यातल्या थोड्याच लोकांचा आहे, हे आधी सांगून टाकतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक मोठ्या पाहणीतून २०१४ मध्ये शारीरिक हालचालींचे आकडे प्रसिद्ध झाले. चार प्रदेशांतल्या १४,००० हून अधिक लोकांची ती पाहणी होती, आणि त्यांत महाराष्ट्र होता. निम्म्याहून जास्त, ५४.४ टक्के लोक पुरेशी हालचाल न करणारे निघाले. आवड म्हणून, फावल्या वेळात व्यायाम किंवा खेळ करणारे दहा टक्केही नव्हते. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचायला जाणारी बाई दिवसभर वाकून ओटीत कापूस भरते आणि संध्याकाळी गाठोडं डोक्यावर घेऊन येते. तिला ‘कार्डिओ’ची आठवण करून देणं हा क्रूर विनोद होईल. प्रश्न आहे तो खुर्चीवर बसणाऱ्यांचा: शिक्षक, दुकानदार, बँकेतले, तहसिलीतले, घर सांभाळून पाठ धरलेल्या बायका. वय पस्तिशीच्या पुढे, साखर सीमारेषेवर, आणि डॉक्टरने एकदा ‘चालत जा’ म्हणून सांगितलेलं.

मैदानावर आणखी एक जमात दिसते, ती या प्रश्नापासून पूर्ण मुक्त असते: भरतीची पोरं. पहाटे साडेचारला ती फेऱ्या मारत असतात. पोलिस भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची. पुरुषांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. मुलींना १६०० च्या जागी ८०० मीटर. मुलग्याने १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारले, मुलीने ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत मारले, तर २० पैकी २० गुण. त्या सेकंदांसाठी ही पोरं वर्ष वर्ष पळतात, फाटक्या बुटांनी, कधी अनवाणी. त्यांचं मन उतरत नाही असं नाही. पण भरतीची जाहिरात कधी निघेल, या धास्तीपुढे मनाला कोणी विचारत नाही. हा धागा पुढे लागणार आहे, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

आता शास्त्र काय म्हणतं ते पाहू. शरीराच्या हिशेबात दोन्ही जागांत फरक फार थोडा आहे. ट्रेडमिलवर समोरून वारा कापावा लागत नाही, म्हणून तेवढाच वेग थोडा सोपा जातो. जोन्स आणि डाउस्ट या ब्रिटिश संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवून दिलं, की पट्ट्याला एक टक्का चढ दिला की बाहेरच्या सपाट रस्त्याशी हिशेब जुळतो. हृदयाला तर जागा कळतच नाही. ५५,१३७ प्रौढांचा सरासरी पंधरा वर्षं मागोवा घेणारा एक अमेरिकी अभ्यास २०१४ मध्ये आला. धावणाऱ्यांत एकूण मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका ४५ टक्क्यांनी कमी दिसला. दिवसाला पाच-दहा मिनिटं, तेही हळू धावणाऱ्यांतसुद्धा फायदा दिसला. हा निरीक्षणावरचा अभ्यास आहे, धावणारे लोक मुळात निरोगी असतात हेही खरं; तरी ‘पाऊण तास मिळत नाही म्हणून जात नाही’ ही सबब त्याने बरीच खिळखिळी केली.

मनाच्या बाबतीत मात्र बाहेरची जागा पुढे आहे, असं सर्वसाधारण मत आहे. जो थॉम्पसन कून आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ११ चाचण्या एकत्र तपासल्या, एकूण ८३३ माणसांच्या. झाडाझुडपांत, मोकळ्यावर व्यायाम केलेल्यांना अधिक ताजंतवानं वाटलं, ताण-राग-उदासी कमी झाल्याचं त्यांनी सांगितलं, मजा जास्त आली, पुन्हा करू असंही म्हणाले. मोकळ्या हवेचे भक्त इथेच थांबतात आणि टाळी वाजवतात. पण त्याच आढाव्यात पुढे लिहिलंय, की चाचण्यांचा दर्जा यथातथाच होता, आणि बाहेर व्यायाम करणारे पुढे जास्त दिवस टिकले का, हे त्यांतल्या एकीनेही मोजलं नव्हतं. म्हणजे गेलेल्या माणसाला बाहेर बरं वाटतं, एवढं कळलं. अंथरुणात पडून छताकडे बघणाऱ्याला ते उपयोगाचं नाही. त्याचा प्रश्न गेल्यावर काय वाटेल हा नसतोच, तो जाण्याचाच असतो.

जिमच्या बाजूने नेहमीचा युक्तिवाद पैशाचा. पैसे भरले की माणूस जातो म्हणतात. आपल्याकडे वर्षाची फी एकदम भरली तर घसघशीत सवलत मिळते, आणि भरणारा स्वतःच्या आळसाला वेसण घातल्याच्या समाधानात घरी येतो. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके माल्मेंडिएर या अर्थशास्त्रज्ञांनी हे समाधान आकड्यांत मोजलं. अमेरिकेतल्या तीन व्यायामकेंद्रांच्या ७,७५२ सभासदांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निबंध २००६ मध्ये आला. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळा जात होते. एका खेपेला १७ डॉलरच्या वर पडत होते. त्याच केंद्रांत दहा खेपांचा पास घेतला असता तर खेप दहा डॉलरला पडली असती. माणसं स्वतःविषयी किती आशावादी असतात, याचा इतका नेटका पुरावा दुसरा मला माहीत नाही. पैसे गेल्याचं दुःख पहिल्या महिन्यात टोचतं, नंतर अंगवळणी पडतं. उलट वर्षाची पावती खिशात असल्यामुळेच ‘उद्या जाऊ’ म्हणायला जागा राहते.

दुसरा युक्तिवाद करमणुकीचा: गाणी, टीव्ही, आरसे, गर्दी. संशोधक केटी मिल्कमन यांनी यावर एक गमतीदार प्रयोग केला, तो २०१४ मध्ये छापून आला. खिळवून ठेवणाऱ्या कादंबऱ्यांची ध्वनिपुस्तकं लोकांना फक्त जिममध्येच ऐकायला दिली. पुढे काय झालं हे ऐकायचं तर जिमला जाणं भाग. सुरुवातीला हे लोक इतरांपेक्षा ५१ टक्के जास्त वेळा गेले. मग नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगची सुट्टी आली आणि सगळा परिणाम विरघळला. यवतमाळकराला हे कळायला अमेरिकेत जावं लागत नाही. इथला दुर्गोत्सव नऊ दिवस सगळ्या शहराला रात्री दोनपर्यंत रस्त्यावर ठेवतो. घटस्थापनेपर्यंत नेमाने येणारे किती जण दसऱ्यानंतर परत येतात, हे कोणत्याही जिमवाल्याला विचारावं.

इथवरचं सगळं कुठल्याही गावाला लागू आहे. यवतमाळ जिल्ह्यात मात्र जागेची निवड बरीचशी आपल्या हातात नसते. ती हवा, माती, रस्ता आणि अधूनमधून जंगल ठरवतं.

उन्हापासून सुरू करू. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ वर जाणं ही बातमी राहिलेली नाही. सूर्य पावणेसहाच्या आसपास उगवतो, आणि त्यानंतरचा तासच काय तो धावण्याजोगा. संध्याकाळी बाहेर पडणाऱ्यांचा गैरसमज असा, की ऊन उतरलं म्हणजे उष्मा उतरला. डांबर आणि भिंती दिवसभर तापलेल्या असतात, आणि सातला त्या ती उष्णता परत देत असतात. शरीराला उष्म्याची सवय होते, पण त्याला दहा ते चौदा दिवस हळूहळू वाढवत न्यावं लागतं. दोन महिने बंद ठेवून मेमध्ये एकदम पाच किलोमीटर मारायला निघणाऱ्याकडे ती सवय नसते.

इथे एका गोष्टीपाशी जरा थांबतो, कारण तब्येतीच्या सदरांत ती क्वचित येते. विदर्भाच्या पूर्व आणि दक्षिण पट्ट्यात, यवतमाळच्या गोंड, कोलाम, परधान आणि इतर काही समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याला पाणी कमी पडणं आणि अतिश्रम ही वेदनेच्या झटक्याची नेहमीची कारणं. पण जो नुसता वाहक आहे, ज्याला एरवी काहीच त्रास नाही, त्यानेही सावध असावं. अमेरिकी लष्करातल्या सुमारे ४८,००० कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये आला. वाहकांत मृत्यूचं प्रमाण जास्त नव्हतं, ही दिलाशाची बाजू. पण अतिश्रमाने स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण येण्याचा प्रकार त्यांच्यात सुमारे दीडपट आढळला. भरतीसाठी भर उन्हात पळणाऱ्या पोरांपैकी किती जणांनी ही तपासणी केली असेल? सरकारी रुग्णालयात ती होते. वाहक निघाला म्हणून धावणं सोडायचं नसतं. पाणी, सावली आणि हळू चढती चाल सांभाळायची असते, आणि लघवी काळपट झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो.

आता उन्हाळ्यातली जिम. विदर्भात जिमला एसी नसला तरी बहुधा भलामोठा कूलर असतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर जीव लावून काम करतो, कारण पाणी भरभर उडतं. म्हणून त्या दोन-अडीच महिन्यांत जिम खरोखरच सुखाची जागा असते. पण मृगाचा पाऊस पडला, हवेत दमटपणा आला, की तोच कूलर खोलीत नुसती वाफ भरतो, घाम अंगावरच राहतो. जुलैत पाऊस आहे म्हणून जिम लावणाऱ्याला तिथे मेपेक्षाही जास्त गुदमरायला होतं, ते यामुळे. त्यात अवकाळी वादळात वीज गेली की ट्रेडमिल जागच्या जागी थांबतो, आणि डंबेल्सभोवती गर्दी होते.

पावसाळ्यात बाहेर धावायचं तर आपली काळी माती आडवी येते. उन्हाळ्यात शेताकडे जाणारी पांदण ही धावायला जिल्ह्यातली सगळ्यात उत्तम जागा: मऊ, गाड्या नाहीत, गुडघ्याला सोपी. पहिल्या दोन पावसांत तिचा चिखल बुटाच्या तळव्याला वीतभर चिकटतो, आणि माणूस पाय उचलतो की माती, हे कळत नाही. साप वेगळे. पुढे ऑगस्ट ते ऑक्टोबर कपाशीवर फवारणीचे दिवस. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने विसाहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. कडेने पळत जाणाऱ्याचा धोका पाठीवर पंप घेतलेल्याच्या तुलनेत काहीच नाही, आणि त्याने स्वतःला बिचारा समजू नये. पण दम लागलेला माणूस एरवीपेक्षा कितीतरी जास्त हवा आत ओढतो, तेव्हा फवारणी चालू असलेल्या धुऱ्यावरून पळू नये, इतकं साधं.

वणीकडचं गणितच निराळं. कोळशाच्या खाणी, त्यांच्याकडून निघणारे ट्रक आणि रस्त्यावर बसणारी काळी धूळ. त्या भागात मोकळ्या हवेत पळा हा सल्ला रस्ता बघून द्यावा लागतो; मुख्य मार्गाच्या कडेने धावण्यापेक्षा बंद खोलीतली पाऊण तासाची कसरत फुप्फुसांना बरी.

रस्त्यांचं काय? नागपूर-तुळजापूर महामार्ग कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेडवरून जातो. पांढरकवड्याहून ४४ नंबरचा जातो. गुळगुळीत, रुंद, आणि पहाटे मोकळा वाटणारा रस्ता धावणाऱ्याला भुलवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात काटली गावाजवळ पहाटे रस्त्याकडेला व्यायामाला गेलेल्या मुलांना ट्रकने चिरडलं, चार मुलं गेली. मैदान नाही म्हणून पोरं रस्त्यावर जातात. जायचंच झालं तर उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, आणि कानात काही न घालता.

आणि जंगल. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यातल्या माणसाला ‘पहाटे बाहेर पड’ हे वाक्य २०१६ ते २०१८ या काळात कोणी म्हणू शकलं नसतं. टी-१ म्हणजे अवनी वाघिणीच्या नावावर तेरा माणसांचे मृत्यू होते; २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली गेली, आणि त्यावरून देशभर वाद झाला. त्या गावांत दिवस उजाडल्याशिवाय शेतावरही कोणी एकटं जात नव्हतं. (जाता जाता: जिल्ह्याचा लांब पल्ल्याचा विक्रम माणसाच्या नावावर नाही. टिपेश्वर अभयारण्यातला सी-१ हा तरुण वाघ २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ-पट्टा घेऊन निघाला, तेलंगणाची हद्द ओलांडून, मराठवाड्यातून फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेला पोचला. सुमारे ३,००० किलोमीटर. त्याला ‘वॉकर’ नाव पडलं.) शहरातल्या माणसाला वाघाची भीती नाही, त्याला कुत्र्यांची आहे, आणि व्यायाम सुटण्याचं हे कारण कोणी उघड सांगत नाही, कारण ते सांगायला लाज वाटते. धावणारी वस्तू दिसली की कुत्रं मागे लागतं. थांबायचं, पाठ न दाखवता हळूहळू सरकायचं. चावलंच तर साबण-पाण्याने जखम बराच वेळ धुवून त्याच दिवशी लस.

बायकांसाठी हा प्रश्न आणखी आधी सुटतो, किंवा सुटतच नाही. २०२४ च्या जागतिक आकडेवारीत पुरेशी हालचाल नसलेल्या भारतीय पुरुषांचं प्रमाण ४२ टक्के आणि बायकांचं ५७ टक्के होतं. पहाट ही पुरुषांना मोकळी वेळ. बाईच्या पहाटेत डबे, पाणी, पोरांची शाळा असते. थंडीत सूर्य पावणेसातनंतर उगवतो, म्हणजे धावायचा खरा मोसम तिच्यासाठी अंधाराचा. त्यात कपडे, आणि ओळखीचे लोक. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लता भगवान करे बारामतीच्या शर्यतीत साठीच्या पुढे नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर २०२० मध्ये चित्रपट आला, त्यात त्यांनीच काम केलं. आपण ती गोष्ट कौतुकाने सांगतो, पण नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवे होते म्हणून त्या धावल्या, हे कौतुकात मागे पडतं. नुसतं बरं वाटावं म्हणून लुगड्यात किंवा ट्रॅकपँटमध्ये पळणाऱ्या बाईकडे तालुक्याच्या गावी आजही लोक वळून बघतात. त्यामुळे जिमची बायकांसाठीची वेगळी बॅच ही चैन नाही. पुष्कळ जणींना तेवढाच एक दरवाजा उघडा असतो. तिथे मैत्रिणीही होतात, आणि हे शेवटचं कारण सगळ्यात वजनदार आहे.

मैदान आणि जिम यांच्यामध्ये आपल्याकडे पूर्वी एक तिसरी जागा होती. अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायामशाळेचा पाया घातला, तीच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाली. त्या मंडळाचा संघ १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन देशी कसरती आणि खेळ दाखवून आला. यवतमाळात हनुमान आखाडा चौक आजही त्याच नावाने रिक्षावाल्याला सांगता येतो. आखाड्यात जाणाऱ्याला ‘आज मन आहे का’ असं विचारायची सोय नव्हती. वस्ताद होता, वेळ ठरलेली होती, आणि नागपंचमीची किंवा जत्रेची दंगल समोर होती. दोन दिवस नाही गेलं तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी दारात येऊन म्हणायचं, ‘काहून रे, दिसला नाही?’ आखाड्याचं गुणगान करायचं म्हणून हे लिहीत नाही. त्यात जात होती, बायकांना मज्जाव होता, आणि गुडघे-कंबर मोडलेले पैलवानही होते. पण भरतीच्या पोराकडे जे आहे, तेच आखाड्यात होतं: पुढची एक तारीख आणि विचारणारं एक माणूस. गळ्याशी आलेल्या आळसाला तारीख आणि माणूसच हटवतात, जागा नाही. मैदानावर चार जणांचा कट्टा असेल तर मैदान टिकतं. जिममध्ये ट्रेनर नावाने हाक मारत असेल तर जिम टिकते. आणि दोन्हीकडे माणूस एकटाच, कानात गाणी घालून, येऊन जात असेल, तर दोन्ही सुटतात.

मन उतरणं हा एकच आजार समजण्यात चूक होते. कंटाळा वेगळा, थकवा वेगळा, आणि खंड पडल्यावरची लाज वेगळी. कंटाळा आला असेल तर जागा बदलण्याने खरंच फरक पडतो. रोजच्या ट्रेडमिलवाल्याने चार दिवस जांब रोडकडे चालत जावं, रोजच्या धावणाऱ्याने वजनं उचलावीत. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि शिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते, आणि नुसतं धावणारे लोक ते दोन दिवस सर्रास विसरतात. थकवा असेल तर मात्र जागा बदलून काही होत नाही. झोप, जेवण, रक्तातलं हिमोग्लोबिन, थायरॉइड बघावं. आपल्याकडच्या बायकांत ‘मोटिव्हेशन नाही’ म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं बरंचसं रक्त कमी असणं असतं.

सगळ्यात घातक ती लाज. दहा दिवस गेलो नाही, आता गेलो तर लोक विचारतील, पहिल्यासारखं पळवणार नाही, म्हणून अकरावा दिवसही जातो. इथे थोडे आकडे कामाचे आहेत. एडवर्ड कॉयल यांनी १९८४ मध्ये कसलेल्या खेळाडूंचा सराव मुद्दाम बंद ठेवून मोजलं: तीन आठवड्यांत प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी उतरली, आठ आठवड्यांत १६ टक्क्यांनी. स्नायूंची ताकद त्याहून हळू जाते. म्हणजे पंधरा दिवसांच्या खंडाने जे गेलंसं वाटतं, त्यातलं बरंचसं गेलेलं नसतं. फिलिपा लॅली यांच्या २०१० च्या अभ्यासात सवय अंगात मुरायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, कुणाला २५४. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फरक पडला नाही. यातला २५४ हा आकडा २१ दिवसांचे मंत्र विकणाऱ्यांना ऐकवण्याजोगा आहे.

२०२१ मध्ये मिल्कमन आणि मंडळींनी जिमच्या ६१,२९३ सभासदांवर ५४ वेगवेगळ्या युक्त्या एकाच वेळी करून पाहिल्या, प्रत्येकी चार आठवडे. जवळपास निम्म्या युक्त्यांनी हजेरी वाढली, ९ ते २७ टक्क्यांपर्यंत. सगळ्यांत पुढे कोणती निघाली? चुकलेल्या खेपेनंतर परत येणाऱ्याला नऊ सेंट जादा देणारी. नऊ सेंट म्हणजे आपल्याकडे पूर्ण चहासुद्धा नाही. पैशाने कोणी आलं नसणार. खंड पडणं गृहीत धरलेलं आहे आणि परतण्याची वाट उघडी आहे, एवढं त्यातून कळलं असावं, असा माझा अर्थ. चार आठवडे संपल्यावर मात्र बहुतेक युक्त्यांचा परिणाम ओसरला. टिकाऊ बदल ८ टक्के युक्त्यांनीच घडवला.

मग यवतमाळच्या माणसाने काय निवडावं? माझं मत असं, की निवड मन उतरल्यावर करूच नये. ती ऋतू बघून आधीच करून ठेवावी, कारण आपल्या हवेत कधी मन उतरणार हे पंचांगासारखं ठाऊक असतं. दसऱ्यापासून होळीपर्यंत मैदान: नेहरू स्टेडियम, समता मैदान, नाहीतर गावातल्या शाळेचं पटांगण. या पाच महिन्यांत इथली सकाळ इतकी चांगली असते, की त्या वेळी बंद खोलीत पट्ट्यावर पळणं मला तरी उधळपट्टी वाटते. वजनांचे दोन दिवस घरी जोर-बैठकांवर निघतात. एप्रिलपासून मृगापर्यंत जिम. पावसाळ्यात झड असेल त्या दिवशी घरच्या जिन्यावर किंवा ओट्यावर, उघडीप असेल त्या दिवशी डांबरी रस्त्यावर पण वस्तीतच. आणि एसीची जिम परवडत असेल तर ती चालू ठेवावी. वणी-मुकुटबनकडच्यांनी यात जिमचे महिने वाढवावेत. बायकांनी आधी सोबत बघावी, मग जागा. सोबत मैदानावर मिळाली तर मैदान, बॅचमध्ये मिळाली तर जिम.

प्रत्यक्ष त्या सकाळी, मन नाही अशी खात्री पटलेली असताना, दोन्हींतलं जे कमी खटाटोपाचं ते करावं. बूट घालून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यावं, पाच-दहा मिनिटं. खंडानंतरचा पहिला आठवडा वेग आणि अंतर दोन्ही निम्म्यावर ठेवावं, बोलता येईल इतक्याच दमाने. छातीत दुखणं, डाव्या हातात कळ, चक्कर यांतलं काही असेल तर त्या दिवशी दोन्ही जागा वर्ज्य, आणि वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय किंवा जवळचा डॉक्टर.

पैशाचं शेवटी सांगतो. वर्षाची फी भरू नये. एप्रिल ते जून एवढ्या तीन महिन्यांची भरावी. जिमवाले पाटीवर तिमाही दर सगळीकडे लिहीत नाहीत, पण विचारल्यावर बहुतेक ठिकाणी देतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तर घासाघीसही चालते, कारण जानेवारीतली गर्दी तोवर पांगलेली असते.